कमानीचा सहावा तुकडा

१९ फेब्रुवारी

कॅमेरा पुसायला नको होता!

चष्मेवाला आज दुकान लवकर बंद करून आला. रस्त्याच्या टोकाला चष्म्यांचं दुकान आहे त्याचं. नऊ वर्षं हिच्याबरोबर गच्चीवर दुर्बीण घेऊन बसायचा. हिला ताई म्हणायचा, म्हणून मी भाऊजी. मी मोठ्या हौसेनं दाखवलं — दुर्बीण लख्ख, कॅमेरा तिच्यापासून सोडवलेला, आतली काच मऊ फडक्यानं पुसून डब्यात ठेवलेली. त्याचा चेहराच उतरला.

"हे कधी केलंत?"

म्हटलं, ही गेली त्याच आठवड्यात. हातांना काही काम नव्हतं.

मग त्यानं सांगितलं. काचेवरच्या धुळीचे फोटोत पुसट गोल डाग पडतात. म्हणून रात्रीचे फोटो झाले की सकाळी, काहीही न हलवता, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून नुसत्या उजेडाचे फोटो घ्यायचे. त्यांत फक्त डाग येतात. त्यांवरून रात्रीच्या फोटोंतले डाग काढून टाकता येतात. ही हे चहाच्या आधी करायची. मला वाटायचं, कापड वाळत घालते!

शेवटच्या रात्रीनंतरचे ते राहिले. सकाळी कोण घेणार होतं? आणि नंतर मी धूळच पुसली. आता ते डाग कायमचे.

"तुम्हाला कुठून माहीत असणार, भाऊजी."

तेच तर. एकतीस वर्षं एका घरात राहून.

२० फेब्रुवारी

लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून उतरेल.

मृग नक्षत्राभोवती तांबड्या वायूची एक कमान आहे. तेजोमेघ. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण इतकी मोठी की मोठ्या दुर्बिणीत मावतच नाही. छोटीच लागते. हिची हातभर लांबीची. तीतही सहा तुकड्यांत घ्यावी लागते, मग तुकडे जोडायचे. दोन हिवाळे हिचं हेच चाललं होतं. पाच तुकडे झाले. ते बैठकीच्या भिंतीवर लावलेत. सहाव्याची जागा मोकळी.

सहावा हिनं अकरा जानेवारीला घेतला. त्याच रात्री, तिथेच, गेली. सकाळी साडेपाचला मी वर गेलो. ही गच्चीच्या कोपऱ्यात, दुर्बिणीशेजारी. कॅमेरा बॅटरी संपून बंद पडलेला.

डॉक्टर म्हणाले, "हृदय. क्षणात गेल्या. कळलंसुद्धा नसेल त्यांना." किती वाजता, ते सांगू शकले नाहीत. मीही खोदून विचारलं नाही.

२१ फेब्रुवारी

त्या रात्रीच्या फोटोंचं कार्ड मेजाच्या खणात आहे. उघडलं नाही.

२५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "बाबा, आईचा सहावा तुकडा कधी लागणार भिंतीवर?"

म्हटलं, फोटो नीट आले नाहीत. खोटं! मी ते पाहिलेच नाहीत.

तिला काय सांगू? प्रत्येक फोटोवर वेळ असते. पाच-पाच मिनिटांचे फोटो, साडेसातपासून बॅटरी संपेपर्यंत. पडताना हिचा धक्का दुर्बिणीला लागला असेल, तर कितव्या मिनिटाला, ते त्या कार्डात आहे. मी त्या रात्री साडेदहापर्यंत जागा होतो. खाली टीव्हीवर मॅच. आवाज मोठा. साडेदहानंतर झालं असेल, तर झोपलेल्या माणसाला काय बोल लावणार? पण त्याआधी झालं असेल तर —

नको.

१ मार्च

ठरवलं. सहावा तुकडा नव्यानं घ्यायचा. मी घेणार!

चष्मेवाला म्हणाला, "अहो, कार्ड आहे की. थोडे डाग राहतील, राहू द्या."

म्हटलं, डाग नकोत. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ठीक. पण मार्चचाच काळोख हातात आहे. एप्रिलमध्ये अंधार पडेपर्यंत मृग मावळतीला टेकलेला असतो."

पुढच्या वर्षी? शेजारच्या प्लॉटवर खांब उभे राहिलेत. तोवर तिथे मजले आणि दिवे.

७ मार्च

पहिला प्रयत्न. अक्का, माझी मोठी बहीण, ही गेल्यापासून इथेच राहतेय. जिन्यावरून ओरडली, "स्वेटर घाल! एक गेलं, आता तू पड आजारी!" मग स्वतःच वर आणून दिला. वर आल्यावर त्या कोपऱ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही.

दोन तास फोटो काढले. सकाळी चष्मेवाल्याला दाखवले.

"भाऊजी, हे तारे आहेत की बांगड्या?"

फोकस जुळवला नव्हता. सगळे वाया. हसलो दोघंही. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसलो असेन. लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ मार्च

आज नुसती जागा जुळवण्यात वेळ गेला. मी कॅमेरा सोडवला होता, त्यामुळे तो आधीसारखा सरळ बसेना. दहा सेकंदांचा छोटा फोटो काढायचा, हिच्या पाचव्या तुकड्याच्या कडेशी ताडून पाहायचा, हातानं स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा छोटा फोटो. आपोआप काही होत नाही. यंत्र फक्त ताऱ्यांच्या मागे फिरत राहतं, चुकीच्या जागी लावलं तर चुकीच्या जागेमागेही. मला पावणेदोन तास लागले. जुळली तेव्हा मृग समोरच्या टाकीमागे.

ऑफिसात नकाशे काढण्यात माझी हयात गेली. रेघेला रेघ जुळवणं हेच काम. इथे जुळत नाही.

१० मार्च

ढग.

११ मार्च

ढग.

१२ मार्च

ढग. अक्का म्हणाली, "वर बघून मान अवघडेल. जेवून घे." जेवलो.

१४ मार्च

आभाळ मोकळं! तेवीस फोटो. एकही बांगडी नाही. जागाही बरोबर. इतका आनंद झाला की जिन्यातूनच हिला हाक मारणार होतो.

सकाळी पाहिलं. पहिले सहा चांगले. बाकी सगळे दुधात बुडवल्यासारखे. दुर्बिणीच्या काचेवर दव. हिनं दुर्बिणीच्या तोंडाला गुंडाळायला गरम पट्टी केली होती. ती कपाटात, माझ्या मोज्यांशेजारी. मला वाटलं होतं, मानदुखीची!

सहा फोटो म्हणजे अर्धा तास. चष्मेवाल्यानं जोडून पाहिले. नुसती करडी वाळू. "ताई एका तुकड्याला सात-आठ तास द्यायच्या. कमान फार फिकी आहे, भाऊजी. तिच्यापुढे बसूनच राहावं लागतं."

१९ मार्च

ऑफिसात एका नकाशावर उत्तर दिशाच काढायची विसरलो. साहेब म्हणाले, "घ्या चार दिवस सुट्टी." चांगल्या मनानं म्हणाले. घेतली नाही. घरी काय करू?

२४ मार्च

अक्का परत गेली. तिलाही तिचं घर आहे. जाताना भिंतीसमोर उभी राहिली. "मोकळी जागा तशीच ठेव म्हणते मी. माणूस गेलं की घरात जागा मोकळी राहतेच." मग पिशवी उचलली. "आणि चादरी धुवायला टाक. वास येतोय."

टाकल्या.

२ एप्रिल

पौर्णिमा सरली, म्हणून आज वर गेलो. शेजारच्या बांधकामावर नवा दिवा लावलाय. गच्चीवर पेपर वाचता येईल एवढा उजेड. खाली जाऊन राखणदाराला सांगितलं, दोन तास बंद ठेवा.

"कशाला, काका?"

काय सांगणार? म्हटलं, फोटो काढायचाय.

"मग उजेड नको का?"

बिचाऱ्याचं बरोबरच. परत आलो.

७ एप्रिल

राखणदारानं आज आपणहून दिवा बंद केला, अर्धा तास. त्याला कुणीतरी हिच्याबद्दल सांगितलं असावं. वर आलो तर मृग अगदी खाली, धुरकट. व्याध तेवढा लखलखीत. दुर्बीण लावलीच नाही. खुर्चीवर बसलो. दिवा पुन्हा लागला तेव्हा उतरलो.

८ एप्रिल

चष्मेवाला येऊन बसला. मी म्हटलं, संपलं. तो म्हणाला, "एक विचारू? डागांचं कारण खरं नाही ना?"

सगळं सांगितलं. मॅचचंही. माझ्या तोंडून एवढं कधी निघालं नव्हतं, हिच्याजवळसुद्धा नाही.

तो म्हणाला, "मी पाहू का आधी? वेळ झाकून फक्त फोटो देतो तुम्हाला."

भला माणूस. पण नाही म्हटलं. पाहायचे तर मीच पाहायचे. आणि पाहिले नाहीत, तर उरलेलं आयुष्य रोज वेगळी वेळ कल्पत बसेन. आत्ताच बसतो. कधी अकरा, कधी तीन. सोयीची तेवढी.

९ एप्रिल

खण उघडला. बंद केला.

१० एप्रिल

रजा टाकली. दिवसाउजेडी बसलो आणि कार्ड लावलं.

पंधराव्या फोटोत सगळे तारे एका बाजूला ओरखडलेले. आठ चाळीस. मॅच चालू होती.

पुढचे आठ फोटो, चाळीस मिनिटं, सरकलेले, कमानीच्या बाहेर. मग दहा-दहा सेकंदांचे पाच. प्रत्येकात तारे थोडे थोडे आपल्या जागी येतात. साडेनऊपासून पुन्हा पाच मिनिटांचे, नेमके जागेवर, अगदी शेवटच्यापर्यंत.

म्हणजे ही उठली होती. दुर्बीण सरळ केली. खाली आली नाही.

मला हाक मारली होती का, ते कुठल्याच फोटोत नाही.