पिस्तूल कोणाच्या नावावर

डहाणू,
८ नोव्हेंबर

चि. जागृतीस रतनमामाचे अनेक आशीर्वाद.

नेमबाजीच्या शिबिरात तुमचे फोन काढून घेतात म्हणून तुझी आई हळहळते. मला मात्र बरं वाटलं. त्या निमित्ताने पोरगी चार ओळी लिहिते. काल माझी ही बहीण चंपा तळासरीहून आली होती. माझ्या चिकूंना नावं ठेवली आणि दोन पिशव्या भरून घेऊन गेली.

तुझी अडचण समजली. शिबिरातलं पिस्तूल तिघींनी मिळून वापरायचं, त्याची लाकडी मूठ दुसरीच्याच पंजाला घासून बसवलेली, म्हणून तुझा नेम डावीकडे जातो. स्वतःचं हवं, मान्य. पण अर्ज, पोलीस चौकशी, पालघरच्या फेऱ्या यात तुझं वर्ष जाईल. माझी तोड ऐक. वाडीत डुकरं शिरतात म्हणून माझ्याकडे बंदुकीचं लायसन्स आहेच, आणखी एक हत्यार मला घेता येतं. पिस्तूल माझ्या नावावर घेऊ, वापर तू. टेम्पो माझ्या नावावर आहे, चालवतो प्रविण. विजेचं मीटर अजून तुझ्या आजोबांच्या नावावर आहे, आणि ते जाऊन किती वर्षं झाली. कोणाचं काय अडलं?

उंबरगावच्या धनेशचं स्थळ पुढे सरकतंय. मुलगा तुला पसंत आहे असं चंपा म्हणाली. साखरपुड्याआधी हे उरकू.

खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस. आहे तो लोभ वाढव, कमी करू नकोस.

तुझा,
रतनमामा

पुणे,
१५ नोव्हेंबर

ती. रतनमामांस जागृतीचा सा. नमस्कार.

तुमची तोड शिबिरातल्या सरांना सांगितली. ते आधी हसले, मग गंभीर झाले. मामा, लायसन्स माणसाचं असतं, घराचं नसतं. पिस्तूल तुमच्या नावावर असेल तर ते तुमच्याच ताब्यात हवं. मी ते बॅगेत घालून पुण्याला आणलं तर गुन्हा माझ्यावर, आणि माझ्या हाती दिलं म्हणून तुमच्यावरही. ते टेम्पोसारखं नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. लायसन्सवर हद्दही लिहिलेली असते. मला महाराष्ट्रापुरतं मिळालं तर उंबरगावात ते चालणार नाही. आपण तळासरीहून तिकडे बाजाराला जातो तेव्हा मध्ये राज्य बदलतं हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पिस्तुलाच्या बाबतीत ते लक्षात ठेवावं लागतं. लग्नानंतर पत्ता गुजरातचा झाला की तिथे नोंद करायची, हद्द वाढवून मागायची. होतं सगळं, पण घरच्यांची साथ लागते. चौकशीला पोलीस त्यांच्याच दारात येणार.

धनेशच्या घरी हे कोणाला ठाऊक नाही. तुम्ही जाऊन सांगाल का? लपवून मला लग्न करायचं नाही.

तुमच्या धाकाने तरी आईला वेळेवर जेवायला लावा. माया आहेच, तशीच असू द्या.

तुमची,
जागृती

डहाणू,
२४ नोव्हेंबर

चि. जागृतीस आशीर्वाद.

रविवारी उंबरगावला जाऊन आलो. चहा-फाफडा झाला, मग विषय काढला. धनेशचे वडील म्हणाले, त्यात काय, पिस्तूल मामांकडे डहाणूला ठेवा, पोरगी सरावाला येत जाईल. मला ते इतकं पटलं की मी मान डोलावून बसलो. मग तुझं पत्र आठवलं. म्हटलं, शेटजी, तिचं हत्यार माझ्या कपाटात सापडलं तर तिच्याआधी मीच आत जाईन. सगळे हसले. त्याच्या आईने विचारलं, हवेच्या पिस्तुलाला लायसन्स लागत नाही म्हणतात, मग तेवढ्यावर का भागत नाही?

मग मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. तिथे बाई नणंदेला गुजरातीत सांगत होत्या की आत्ता हो म्हणून टाकायचं, एक मूल झालं की ते आपोआप सुटतं. अर्धं आयुष्य मी वापीच्या बाजारात चिकू विकले, पण त्यांना वाटलं मामाला काय कळतंय. धनेश शेजारीच उभा होता. त्यानेही ऐकलं. तो गप्प राहिला.

बाई वाईट नाहीत. निघताना तुझ्यासाठी लोणच्याची बरणी दिली. म्हणूनच वाटतं, हवेच्या पिस्तुलावर भागतंय का बघ. असं स्थळ पुन्हा दारात येईलच असं नाही. हा मामाचा सल्ला आहे, हुकूम नव्हे.

राग आला तरी पत्र लिही.

तुझा,
रतनमामा

पुणे,
२ डिसेंबर

ती. मामांस सा. नमस्कार.

राग आला नाही. दोन दिवस विचार केला.

हवेच्या पिस्तुलावरच मी शिकले, अजूनही खेळते. पण पंचवीस मीटरच्या प्रकाराला गोळीचं पिस्तूल लागतं, आणि त्यात लक्ष्य तीन सेकंदच समोर असतं. तेवढ्यात हात उचलायचा, ठरवायचं आणि गोळी झाडायची. तिथे मी कोणाला विचारत नाही, आणि तिथेच माझे गुण सर्वात चांगले येतात. ते सोडलं तर काय सोडलं हे त्या घरात कोणालाच कळणार नाही; काही वर्षांनी मलाही कळणार नाही. त्याची भीती वाटते.

अर्ज माझ्या नावाने, तळासरीच्या पत्त्यावर केला आहे. साखरपुडा थांबवा. धनेश मला आवडतो. पण तो गप्प राहिला ते आईला दुखवायचं नव्हतं म्हणून, की त्यालाही तसंच वाटतं म्हणून, हे मला कळत नाही.

आईला तुम्हीच समजवा. तुमच्याखेरीज ती कोणाचं ऐकत नाही.

तुमची,
जागृती

डहाणू,
२१ डिसेंबर

चि. जागृतीस आशीर्वाद.

चौकशीचा पोलीस तळासरीच्या घरी येऊन गेला. मीही होतो. लग्न झाल्यावर मुलगी कुठे राहणार, असं त्याने विचारलं. मी सवयीने तोंड उघडलं, एवढ्यात चंपा म्हणाली, “ते तिलाच विचारा. पिस्तूल तिचं आहे.” तिला समजवायला मी गेलो होतो, समजून मीच परत आलो.

काल धनेश मोटारसायकलने आला. तिकडच्या कचेरीत जाऊन तो विचारून आलाय, लायसन्सवाली सून घरी आली तर काय काय करावं लागतं. तिथला कारकून हसला म्हणे. नवऱ्याकडच्यांनी हे विचारायला येण्याची पहिलीच वेळ. धनेशने आईलाही सांगितलं की ते सुटायला व्यसन नव्हे. बाई चार दिवस त्याच्याशी बोललेल्या नाहीत, ताट मात्र वाढतात. त्या दिवशी गप्प का राहिलास, मी विचारलं. म्हणाला, भ्यालो होतो.

त्याला पुण्याला येऊन तुझा खेळ बघायचा आहे. कोणत्या रविवारी भेटू देतात ते विचारत होता. एरवी मी तिथल्या तिथे दिवस ठरवून मोकळा झालो असतो. या वेळी म्हटलं, मला माहीत नाही. ये म्हणायचं की नको, ते तूच त्याला लिही. पत्ता खाली देतो.

लोभ आहेच.

तुझा,
रतनमामा

ता. क. पत्ता त्याने स्वतःच लिहून दिला: धनेश, बाजारामागे, मु. उंबरगाव, राज्य गुजरात. ‘राज्य’ या शब्दाखाली त्यानेच रेघ मारली आहे.