सपाट ठिपके

प्रिय ठकूबाई,

तुझा उजवा खांदा कसा आहे? छापखान्यात दिवसभर ब्रेलची पानं बोटांनी तपासून भरून यायचा, तो थांबला का? तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीचा खोकला? घरमालकीणबाईंचा गुडघा? ही दुखणी तुझी आई तुझी पत्रं वाचून दाखवायची तेव्हाची, म्हणजे तीन वर्षं शिळी. एव्हाना तुम्ही सगळ्या ठणठणीत झाल्या असाल, नाहीतर नवी दुखणी लागली असतील. आई गेल्यापासून मला कोण सांगणार? फोनवर आपण दोघं ऊन-पावसाच्या पुढे कुठे जातो? तू नोकरीला निघालीस तेव्हा मी जे तोंड फिरवलं, ते अजून नीट वळलेलं नाही.

मागच्या महिन्यात तुला एक पाकीट आलं असेल, आत चार गुळगुळीत कागद. कुणीतरी कोरे कागद धाडून थट्टा केली असं वाटलं असेल. ते मीच पाठवले होते. हसू नकोस. वाचनालयातल्या संगणकाच्या बाईंकडे मी वर्षभर ब्रेल शिकतोय. पत्र संगणकावर ठिपक्यांत लिहिलं, चांगल्या जाड कागदावर छापलं आणि टपालात टाकून आलो. उत्तराची वाट बघून बघून शेवटी बाईंना एक प्रत दाखवली. त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, काका, शाईचे ठिपके सपाट असतात हो! जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस मी. अक्षर म्हणजे डोळ्याला दिसलं की झालं, हेच डोक्यात पक्कं.

मग बाईंनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. संगणकाला ठिपका टोचून दाखवता येत नाही, त्याला आकडा लागतो. म्हणून पहिल्या ठिपक्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार, पुढे आठ, अशी दुप्पट किंमत. जे ठिपके उठलेले, त्यांची बेरीज हा त्या आकाराचा नंबर. आपल्या ब्रेलच्या एका अक्षराच्या चौकटीत ठिपके सहाच, संगणकाने मात्र आठ धरलेत, म्हणजे सगळे मिळून दोनशे छप्पन आकार. एकही ठिपका नसलेल्या आकारालाही जागा राखून ठेवलीय, तेव्हा तुझं-माझं गप्प राहणंसुद्धा त्या यादीत बसतं. मला आवडलं ते वेगळंच. त्या नंबरात फक्त ठिपक्यांची मांडणी असते. तिचं कुठलं अक्षर करायचं, ते ज्याच्या-त्याच्या भाषेवर आणि वाचणाऱ्यावर सोडलेलं. हे पत्र तसंच, नुसत्या आकड्यांचं होऊन ईमेलने येतंय. तुझ्या ब्रेल वाचायच्या यंत्रावर सुया वर येतील तेव्हा कुठे माझं बोलणं होईल. या वेळी बोटाला लागेल, बाईंनी खात्री दिलीय.

आता खरं कारण. आई इस्पितळात होती त्या आठवड्यात तिच्या नावाने तुझं एक पत्र आलं होतं. तिला ते वाचता आलं नाही. मला वाचता येत नव्हतं, आणि तुझं पत्र परक्याच्या तोंडून ऐकवेना. म्हणून शिकलो. गेल्या रविवारी उघडलं; चार पानांना दोन दिवस लागले. शेवटी तू आईला विचारलंयस, की बाबांना कळू न देता बघून सांग, दारावरच्या पाटीवर माझं नाव अजून आहे का. ठके, खोटं बोलत नाही. तू गेलीस त्या संध्याकाळी टर्पेंटाइनच्या बोळ्याने मी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा घ्यायच्या आत पुन्हा लिहिलं. चार हात रंग चढवलाय, बोट फिरवलंस तर उंचवटा लागेल. तीन वर्षं तू या एका उत्तराची वाट बघत असशील, आणि मी घरात पत्र ठेवून बसलो होतो. उत्तर लवकर लिही. मोठं लिही, मी हळूहळू वाचतो, पण आता माझं मीच वाचतो.

तुझेच,
बाबा