प्रवेशिका क्रमांक एकेचाळीससाठी चार हात मिळणेबाबत

प्रति,
मा. स्पर्धा अधिकारी,
हौशी संगणक-खेळ विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : प्रवेशिका क्र. ४१ शेवटपर्यंत खेळून पाहण्यासाठी एक माणूस मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले स्मरणपत्र, 'परीक्षक क्र. ३ व ४ यांचेकडून प्रवेशिका क्र. ४१ चे गुण अप्राप्त. शनिवारपर्यंत न आल्यास प्रवेशिका बाद'.
२) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज व त्यावरील आपला शेरा, 'मनुष्यबळ उपलब्ध नाही'.

महोदय,

१. अर्जदार हा आपल्या स्पर्धेचा परीक्षक क्रमांक तीन असून शाळेच्या संगणककक्षातून निवृत्त झाला आहे. दोन दिवसांत हौशी मुलामुलींनी लिहून काढलेले, उड्या मारत पुढे जायच्या खेळांची टिंगल करणारे खेळ तपासणे हे त्याचे काम. यंदाच्या एक सोडून सर्व प्रवेशिका त्याने शेवटपर्यंत खेळल्या आहेत. एका खेळात नायक प्रत्येक खड्ड्यापाशी येतो, आत वाकून बघतो आणि 'उद्या बघू' म्हणून घरी जातो. दुसऱ्यात शेवटचा राक्षस जेवायला गेलेला असतो व तो येईपर्यंत खेळणाऱ्याने बाकावर बसून राहायचे असते. अर्जदार बसून राहिला. राक्षस आला, म्हणाला, 'आज वेळ संपली.' या खेळाला अर्जदाराने दहापैकी नऊ दिले आहेत. एक गुण बाकाचे चित्र वाकडे काढले होते म्हणून कापला.

२. अडचण फक्त क्रमांक एकेचाळीसची आहे. त्याचे नाव 'गुण द्या आणि सुटा'. ही थेट आपल्या स्पर्धेचीच टिंगल आहे. त्यात दोन परीक्षक एका भिकार खेळात अडकतात. एकजण चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा सगळीकडे शोधत फिरतो. दुसऱ्या बाई हातात पर्स घेऊन उडी मारतात आणि पडल्या तरी पर्स सोडत नाहीत. चष्मेवाला उडीपूर्वी इतका विचार करतो की पायाखालची फळी कंटाळून स्वतःच मोडते. अर्जदाराने हे पाहिले आणि कपाळावरचा चष्मा खाली घेतला, कारण चष्मेवाला तो स्वतः आहे. पर्सवाल्या बाई म्हणजे परीक्षक क्रमांक चार.

३. याचा खुलासा करणे भाग आहे. पूर्वी परीक्षण सभागृहात होत असे. नियम ७ प्रमाणे दोघा परीक्षकांनी एकाच यंत्रापुढे शेजारी बसायचे, कळफलकाची डावी बाजू एकाने व उजवी दुसऱ्याने सांभाळायची आणि शेरा मिळून लिहायचा. अर्जदाराची जोडी वर्षानुवर्षे क्रमांक चारशी होती. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांचे नाव अर्जदाराला माहीत नाही, कारण परीक्षकांनी नावे सांगायची नाहीत असाही नियम आहे. अर्जदार त्यांना 'बाई' म्हणे आणि त्या त्याला 'अहो तीन'. दोघांचे कधी एका उडीवर एकमत झाले नाही. शेऱ्यातही भांडण तसेच उतरे : 'बाईंना खड्डा लहान वाटतो, मला पुरेसा वाटला. त्यात मी पडलो आहे.' आणि खाली : 'हे कशातही पडतात, याचा खड्ड्याशी संबंध नाही.' हे शेरे, चष्म्यावरच्या नि पर्सवरच्या टोमण्यांसकट, स्पर्धकांना घरपोच जात. कुणीतरी ते साठवून, वाचून वाचून हा खेळ केला आहे. अर्जदाराला राग आलेला नाही. इतक्या आपुलकीने त्याची टिंगल कुणी केल्याला फार काळ लोटला.

४. चार वर्षांपूर्वी आपल्या परिपत्रकाने सभागृह बंद झाले आणि प्रवेशिका घरी येऊ लागल्या. मात्र नियमपुस्तिकेतला नियम ७ काढायचे राहून गेले. स्पर्धकाने पुस्तिका प्रामाणिकपणे वाचली, परीक्षक जोडीने बसतात असे समजून चालला आणि खेळाची शेवटची खोली दोघांसाठी बांधली. तीत एकाने दोर ओढून धरायचा, दुसऱ्याने त्याच क्षणी धावत उडी घ्यायची, मग पलीकडून त्याने दोर धरायचा आणि पहिल्याला घ्यायचे. प्रत्येकाला दोन्ही हात लागतात. म्हणजे एकूण चार. अर्जदाराकडे शासनदरबारी नोंद असलेले दोनच आहेत. चूक कुणाची म्हणायची तर पुस्तिकेची, पण भोगणार ते पोर.

५. अर्जदाराने आपल्या परीने हातपाय हलवले नाहीत असे नाही. त्याने कोपर वापरून पाहिले. दोराच्या कळीवर जाडजूड शब्दकोश ठेवला. त्याने दोर धरला खरा, पण सोडीना. वरच्या मजल्यावरचे शिंपी एकदा येऊन बसले, पडद्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, 'हे पडतंय, की मी पडतोय?' आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात अर्जदार दिसताच त्यांना काहीतरी आठवून ते परत वर गेले. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, 'मामा, एवढं काय, शेवट कसा असेल ते इमॅजिन करा ना.' शेगडी दुरुस्त करायला आलेल्या कारागिराने मात्र झकास साथ दिली. दोघे खेळातल्या शेवटच्या दारापर्यंत पोचले होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. 'काका, मजा आली, पण अजून तीन घरं आहेत,' म्हणून तो उठला. अर्जदार त्याला दारापर्यंत सोडायला गेला व शेगडी पुन्हा केव्हा बिघडेल अशी चौकशी त्याने केली. तो हसला. अर्जदार गमतीने विचारत नव्हता.

६. आपल्या कार्यालयातील लिपिकांनी फोनवर सल्ला दिला, 'अहो, सहा देऊन टाका नि मोकळे व्हा, सगळे सहाच देतात.' त्यांचा हेतू चांगला असेल. पण न संपवलेल्या खेळाला अर्जदाराने आजवर गुण दिलेले नाहीत. मुले दोन दिवस झोप मोडून शेवटची खोली बांधतात आणि परीक्षक पहिल्या खोलीतून गुण फेकतो, हे अर्जदाराच्याने होणार नाही. सबब त्याने मागील अर्जात एक माणूस अर्ध्या तासासाठी मागितला होता. शिपाई चालेल, पहारेकरी चालेल, असे लिहिले होते. चहा अर्जदाराकडून. त्यावर आपला शेरा आला, तो संदर्भात आहे.

७. आता खरे सांगायचे तर अर्जदाराला एकटे वाटते. हे कार्यालयीन कारण नाही याची त्याला कल्पना आहे. पण सभागृह गेल्यापासून तो चांगली उडी बघतो आणि शेजारी वळून बघतो, तिथे खुर्चीवर इस्त्रीचे कपडे असतात. शेरे तो अजूनही लिहितो. त्यात भांडायला कुणी नसल्याने ते गुळमुळीत होतात. 'खेळ बरा आहे.' याखाली कुणी 'काय बरा आहे?' असे लिहीत नाही. एवढी माणसे रस्त्यावर आहेत, पण अर्ध्या तासासाठी एक मिळू नये, याची अर्जदाराला लाजही वाटते.

८. आपले स्मरणपत्र अर्जदाराने पुन्हा वाचले, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. 'क्र. ३ व ४ यांचेकडून गुण अप्राप्त.' चारकडूनही. म्हणजे बाईंनीही सहा देऊन टाकलेले नाहीत. त्याही कुठेतरी त्याच खोलीत, त्याच दोरापाशी, दोनच हात घेऊन बसल्या आहेत. 'पडायचंच तर धावत पडा, विचार करून काय मऊ लागतं का?' असे त्या म्हणत. आता त्या हे कुणाला म्हणत असतील, हे अर्जदाराला माहीत नाही.

९. दोघांना एकत्र बसवावे अशी विनंती अर्जदार करणार होता. परंतु नियम ११ आड येतो : कोणत्याही दोन परीक्षकांनी सभागृहाबाहेर परस्परांशी संपर्क ठेवू नये. सभागृह गेले, नियम राहिला. तो बदलायचा तर समिती, समितीची बैठक आणि बैठकीला चार महिने, आणि शनिवार तर चार दिवसांवर. नियम वाकवा असे अर्जदार म्हणणार नाही. पण नियम ११ परीक्षकांना लागू आहे.

१०. सबब अर्जदार या अर्जासोबत परीक्षकपदाचा राजीनामा देत आहे. त्याच्याकडे दुसरे काही काम नाही व या कामावर त्याचा जीव होता, तरीही तो पूर्ण विचारांती, म्हणजे नेहमीप्रमाणे फळी मोडेपर्यंत विचार करून, देत आहे. राजीनामा मंजूर होताच अर्जदार परीक्षक उरत नाही. तो नुसता एक माणूस होतो. कार्यालयाकडे जो उपलब्ध नव्हता, तो हा.

११. तरी विनंती की, या माणसाला परीक्षक क्रमांक चार यांच्याकडे डाव्या बाजूचा खेळाडू म्हणून पाठवावे. प्रवेशिका क्रमांक एकेचाळीसला गुण एकट्या बाईंनी द्यावेत. अर्जदार मत देणार नाही, विचारले तरी. त्यांचा पत्ता त्याला आधी देऊ नये. प्रथम त्यांना विचारावे, आणि त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच मिटवावा, कारण कळवण्याची गरज नाही. मात्र त्या हो म्हणाल्या, तर शनिवारच्या आत कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी बोलवावे. आगाऊ सूचना लागणार नाही. अर्जदार घरीच असतो.

आजपर्यंत आपला आज्ञाधारक,
(सही)
परीक्षक क्रमांक तीन
मंगळवार

सोबत :
१) राजीनामा, एक प्रत.
२) क्र. ४१ वगळता सर्व प्रवेशिकांचे गुण व शेरे.
३) क्र. ४१ च्या शेवटच्या खोलीचा हाताने काढलेला नकाशा, बाईंसाठी. उडीची जागा लाल पेन्सिलीने दाखवली आहे. ती त्यांना पटणार नाही.