हळदीच्या कंदातला पांढरा कोळी

सर,

तुमची चूक सापडली आहे. आडून बोलणं तुम्हाला कधी आवडलं नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. कपाटातली तुमच्या हातची ती स्लाइड, जिच्यावर 'हळदीचा कंद खाणारा कोळी' असं लिहून खाली तुमचं नाव आहे, ती त्या कोळ्याची नाहीच. आता रागवायचं तर रागवा. तुम्ही गेल्यापासून यवतमाळच्या या प्रयोगशाळेत तुमच्याच खुर्चीवर बसते, आणि शेतकऱ्यांनी आणलेले किडे त्याच स्लाइडींशी ताडून सांगते, हा खाणारा, हा निरुपद्रवी, यावर औषध मारा, याला सोडून द्या. तुमच्या स्लाइडवर शंका घ्यायची असते, हे माझ्या डोक्यातसुद्धा कधी आलं नव्हतं.

या पावसाळ्यात घाटंजीकडची एक बाई आली. पिशवीत मातीसकट उपटलेलं हळदीचं झाड. म्हणाली, "मॅडम, पाहा बरं हे. कंद सडून राह्यले अन् आत हे पांढरे किडे. दुकानवाला म्हणते जमिनीत औषध सोडा. पण विहीर वावरातच हाये, पाणी आमी तिचंच पितो. सोडू का नोको, तेवढं सांगा." मी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. जाळं न विणणारे, खसखशीहून बारीक असे मातीतले कोळी. पांढरे, मऊ, आठ पायांचे, सुस्त. हुबेहूब तुमची स्लाइड. 'सोडा' हा शब्द अगदी ओठावर आला होता. तेवढ्यात दिसलं, एका पांढऱ्याची कातडी पाठीवर फाटली आहे आणि आतून तपकिरी, टणक पाठीचा कोळी अर्धा बाहेर आला आहे. तो टणकवाला मी चांगला ओळखते. तुम्हीच दाखवला होता. बुरशी आणि कुजका पालापाचोळा खातो, जित्या मुळाला तोंड लावत नाही. म्हणजे हे पांढरे त्याची पिल्लं! असं असेल तर आपण इतकी वर्षं जमिनीतल्या झाडूवाल्यालाच चोर समजून मारायला सांगत होतो.

त्या बाईला म्हटलं, थांबा. औषध सोडू नका, सड पाण्याची असेल, चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा, सडलेली झाडं उपटून लांब टाका. ती गेली, आणि मग माझी खरी तंतरली. तुम्ही बरोबर असाल तर तिची हळद माझ्या एका शब्दावर जाणार होती.

मला तो दिवस आठवत राहिला. मी शिकायला नवी, फार हुशार. एका जुन्या विद्यार्थ्याचं लेबल चुकलेलं दिसलं म्हणून ब्लेडनं खरडायला बसले आहे. तुम्ही येता, माझ्या हातातलं ब्लेड काढून घेता आणि सगळ्यांसमोर म्हणता, "काहून खरडून राह्यली वं? त्याले जे दिसलं ते त्यानं लिहिलं. तुले दुसरं दिसलं तं तुह्यं लेबल लाव बाजूनं, नाव टाकून. तू चुकली तं तिसरा येईन." मी रागानं डबा खाल्ला नाही. संध्याकाळी तुम्ही मला लोहाऱ्याला, तुमच्या घरी नेलंत. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर पत्र्याचं नरसाळं टांगलेलं, त्यात माती, मातीवर तिथला एकुलता बल्ब. उजेडाच्या चटक्यानं किडे खाली खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. काकू अंधारात भाकरी थापत होत्या. "या घरात पयले मातीले उजेड भेटते, मंग माणसाले," असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात पिठलं वाढलं. तुम्ही निघताना मला दोन-तीनच केस ठेवून कापलेला एक बारीक ब्रश दिलात. सॉरी-बिरी काही म्हणाला नाहीत. त्याच ब्रशनं मी अजून कोळी उचलते.

तर मी ते पांढरे कोळी तळाला प्लास्टरचा ओलसर थर दिलेल्या डबीत ठेवले, सोबत ताज्या कंदाची चकती. रोज सकाळी आल्या आल्या झाकण उघडायचे. मधेच त्या बाईचा फोन, "शेजारच्यानं सोडलं औषध. मी थांबूनच राहू का, मॅडम?" मी म्हटलं, थांबा. आवाज मोठा काढला, आत मात्र धाकधूक. कोळ्यांनी चकतीला हात लावला नाही. चकतीवर बुरशी धरली तेव्हा मात्र सगळे तिच्यावर तुटून पडले, आणि मग एकेक करून कात टाकून तपकिरी झाले. टाकलेली कात तुमच्या स्लाइडशेजारी ठेवून केस न् केस ताडला. तेच. तुम्हाला फक्त पिल्लंच मिळाली होती, आणि पिल्लं त्या दुसऱ्या, खरोखर कंद खाणाऱ्या कोळ्यासारखी दिसतात. कोणीही फसलं असतं. मीही फसतच होते. महिन्याभरानं ती बाई सांगायला आली, "खालच्या अंगचं गेलं, वरचं वाचलं. पाणी बिनघोर पिऊन राह्यलो." मी तिला चहा पाजला. ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि रडले.

लेबल लावलं आहे. तुमचं तसंच ठेवलं, माझं स्लाइडच्या दुसऱ्या टोकाला, नाव टाकून. जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही, उलट तुमचाच राग आला, की आता हे पाहायला तुम्ही का नाही. असं काही निघालं की स्लाइड दुसऱ्या जाणत्या माणसाकडे तपासायला पाठवायची असते. परवा मी ती कापसात गुंडाळून डबीत घातली, वर कागद लावला, पत्ता लिहिला आणि मग वाचला. लोहाऱ्याचा होता, तुमच्या घरचा. दुसऱ्या माणसाचा पत्ता आहे माझ्याकडे. डबी मात्र अजून टेबलावरच आहे, कागद बदलायला हात होत नाही.