दानियेलसाठी मागायचं की नाही

११ सप्टेंबर ८३, रविवार
उपासनेला दोघंच गेलो. दानियेलला जाऊन महिनाही झाला नाही आणि बायका मला विचारतात, केसांना काय लावता. दारात पाळकसाहेबांनी हात हातात घेतला. "प्रभूची इच्छा." सुरगाण्याच्या घाटात जीप उलटावी, आणि नेमका माझा मुलगा दरीच्या बाजूला बसलेला असावा, ही इच्छा! तोंडाशी आलं होतं. गिळलं.
घरी आल्यावर हे कपडेही न बदलता शास्त्र, आपलं बायबल, उघडून बसले. यांना एकच शोधायचंय, दानियेल तरला का. दानियेल मागच्या सुट्टीत यांच्या तोंडावर म्हणाला होता, "बाबा, मी यातलं काही मानत नाही." चर्च तर त्याआधीच सोडलं होतं. विश्वास नसताना गेलेल्याचं काय होतं, ते यांना पाठ आहे. तरी पानं उलटतात.

१९ सप्टें., सोमवार
सुरगाण्याहून, दानियेल शिकवायचा त्या शाळेतला शिपाई त्याची ट्रंक घेऊन आला. लक्ष्मण नाव. "गुरजी लय चांगले व्हते बाई. पोरं अजून रडत्यात." जेवायला वाढलं. तो जेवत असताना हे समोर बसून राहिले. मग एकदम विचारलं, "गुरुजी प्रार्थना करायचे का? जेवताना? झोपताना?"
तो घास हातात धरून आठवायला लागला. "काय ठावं नाय साहेब. रविवारी कपडे धुवायचे."
हे उठून आत गेले. ट्रंकेत शर्ट निघाले, स्वच्छ धुतलेले. मी परत धुवायला टाकले नाहीत.

२ ऑक्टो., रविवार
यांना म्हटलं, दानियेलसाठी दोघांनी मिळून प्रार्थना करू या का? रोज थोडी.
"कशासाठी? मागायचं ते माणूस जिवंत आहे तोवर. पुढे दार बंद."
"माझी आई रोज करायची, गेलेल्या सगळ्यांसाठी."
"तुमच्या कॅथलिकांच्या परंपरा. माणसांनी काढलेल्या. शास्त्रात दाखव."
तुमच्या! लग्न केलं तेव्हा यांच्यासाठी सगळं सोडलं. रविवारची मिस्सा-उपासना, जपमाळ, संतांचे सण. बाबा लग्नाला आले नाहीत. तेव्हा काही वाटलं नव्हतं, शास्त्र पुरे असं मीही म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे. आता त्याच शास्त्रात माझ्या मुलाला जागा नाही म्हणतात, तर मी कुठे…

८ ऑक्टो., शनिवार
बाजाराला जाते सांगून कॅथलिक चर्चला गेले. इतक्या वर्षांनी. पवित्र पाण्यात बोटं आपोआप बुडाली. तिथले फादर तरुण आहेत. ऐकून घेतलं, मग त्यांच्या इंग्रजी बायबलमधलं एक पुस्तक काढून मराठीत करून सांगितलं. लढाईत मेलेल्या शिपायांसाठी जिवंतांनी प्रार्थना केली, आणि चांगलं केलं असं तिथे लिहिलंय. शास्त्रात! भाजी न घेताच घरी पळाले.
हे म्हणाले, "ते पुस्तक शास्त्रात नाही."
"छापलंय की."
"त्यांच्यात आहे. आपल्यात नाही."
"मग कुठली पुस्तकं घ्यायची आणि कुठली नाही, हे कोणी ठरवलं? शास्त्रात लिहिलंय का ते? माणसांनीच ठरवलं ना?"
यांनी शास्त्र मिटलं. मग म्हणाले, "भांडायला शिकून आलीस." आवाज अगदी बारीक झाला होता. बोलणं मी जिंकले. दानियेलला त्याचा काय उपयोग?

३१ ऑक्टो., सोमवार
परवा मृतांचा दिवस. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेत नावं वाचतात. फादरांकडे दानियेलचं नाव देऊन आले. आईची शिकवण, नाव पूर्ण द्यायचं, मधलं बापाचं नाव धरून. नाही तर प्रार्थना भलत्यालाच लागते म्हणायची. म्हणून दिलं, दानियेल यशवंत भालेराव.
जाताना विचारलं, तो मानत नव्हता, तरी पोचेल का? फादर म्हणाले, "चर्च पहिल्यापासून सगळ्यांसाठी मागत आलंय. कोणाला पोचतं ते देव जाणे." म्हणजे फादरांनाही माहीत नाही.

२ नोव्हें., बुधवार
वाचलं नाव. सगळं चर्च 'आमेन' म्हणालं. एकदाच वाटलं, आता याला कोणीतरी धरलंय. रस्त्यावर आले तोवर गेलं ते.

३ नोव्हें., गुरुवार
मी मूर्ख. मध्ये यांचं नाव आहे हे डोक्यातच आलं नाही.
यांच्या ऑफिसातला फ्रान्सिस काल मिस्सेला होता. आज कँटीनमध्ये यांच्याजवळ आला, "भालेरावसाहेब, काल आपल्या दानियेलसाठी सगळ्यांनी प्रार्थना केली, फार बरं वाटलं." भला माणूस. हे आपल्या चर्चच्या कारभारी मंडळात पंच, आणि टेबलावर दुसरे पंच बसलेले. हे घरी येऊन एवढंच म्हणाले, "मला सांगायचंस तरी." ओरडले असते तर बरं झालं असतं. शेजारी आकाशकंदील लावताहेत. मी खिडकी लावून घेतली.

१३ नोव्हें., रविवार
उपासनेनंतर पंच कमिटी बसली, यांच्यावरच. मी बाहेर बाकावर. सगळं ऐकू येत होतं.
"पंचाच्या घरात मेलेल्यांसाठी मिस्सा? मंडळीने काय समजायचं?"
पाळकसाहेब मऊपणाने म्हणाले, "यशवंतराव, एकच सांगा. बाईंची प्रार्थना त्याला पोचते असं तुम्ही मानता?"
हे म्हणाले, "नाही."
लगेच म्हणाले. पंचपद राहिलं.
रस्ताभर बोललो नाही. कुलूप काढताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू मात्र थांबवू नकोस." मी म्हटलं, "आत्ताच तर नाही म्हणालात." "नाहीच मानत. थांबवू नकोस." आणि दारातच रडायला लागले. दफनाच्या दिवशीही रडले नव्हते.

२१ नोव्हें., सोमवार
हे ऑफिसला गेले की दुपारी बसते. आईची जपमाळ काढली. शब्द सगळे येतात, चुकत नाहीत. पण दानियेलचं नाव आलं की पुढे काही नाही. भिंत. आधी यांच्याशी भांडत होते, त्या रागावर चालत होतं सगळं. आता राग नाही. यांच्या शास्त्राने दार लावलं, माझ्या चर्चने उघडं ठेवलं म्हणतात, पण आत कोणी आहे असं मला वाटेनासं झालंय. हे यांना कसं सांगू?
संध्याकाळी चपला काढता काढता यांनी विचारलं, "झाली?" हो म्हटलं.

४ डिसें., रविवार
आठ-दहा दिवसांत जपमाळेला हात लावलेला नाही. हे रोज विचारतात. पाळकसाहेबांना कळलं तर पद जाईल, तरी विचारतात. स्वतः एक शब्द मागत नाहीत, शास्त्राबाहेर जाणार नाहीत. सगळं माझ्यावर टाकलंय.
आज पानावर बसल्यावर म्हणाले, "झाली का आजची?"
"झाली."
मान हलवली. मग पोळी मागून घेतली, दानियेल गेल्यापासून पहिल्यांदा, आणि वर आमटीही.