डोंगर, पाणी आणि माझी कयाक बॅच

१० नोव्हेंबर, सोमवार
नक्की झालं. केदारने सकाळी स्वतः फोन करून सांगितलं. ठाण्याच्या तलावावरची कयाकची नवशिक्यांची बॅच माझी. केदार माझ्या मावसभावाचा मुलगा, तिथल्या बोट क्लबचा मॅनेजर. त्याचा आधीचा माणूस अचानक सोडून गेला. मला ट्रायल तेवीस तारखेपर्यंत. त्या दिवशी परीक्षा. प्रत्येकाने मुद्दाम बोट पालथी करायची, पाण्यात पडायचं आणि परत चढून बसायचं. जमलं तर मी कायम. नाहीतर थँक्यू, काका.

कंपनी बंद पडल्यापासून दोन वर्षं घरीच आहे. मायाने दुपारच्या आत सगळ्या नातेवाइकांना मेसेज टाकला, हे आता इन्स्ट्रक्टर आहेत. एवढ्या दिवसांत माझी बातमी तिने पहिल्यांदाच कुणाला कळवली.

अनुभव नाही असं कुणी म्हणू नये. गोव्याला मायाबरोबर कयाकमध्ये बसलेलो. वल्हं तिच्याकडे होतं, पण दिशा मी सांगत होतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार
बॅच तिघांचीच, पण निवडक. गोदूबाई, दिवा स्टेशनजवळ राहतात, रिटायर्ड हेडक्लार्क, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. रत्नदीप, बँकेत असतो, सारखा खातो. श्रिया, कॉलेजची, सारखी रील काढते.

माझं तत्त्व: खेळातून शिक्षण. पाण्याची घाई नाही. आज घाटाच्या पायऱ्यांवर बसून झाडूच्या दांड्यांनी वल्हवलं. गोदूबाईंनी विचारलं, पाण्यात कधी? म्हटलं, आधी पाया पक्का हवा. त्या म्हणाल्या, तरंगायला पाया कशाला हो, उत्तमराव? विनोदी बाई आहेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पाण्यात उतरलो. म्हणजे ते उतरले. इन्स्ट्रक्टरला पूर्ण चित्र दिसावं लागतं, म्हणून मी काठावर. शिट्टी होती.

खेळ: विष-अमृत. ज्याच्या बोटीला वल्हं टेकलं त्याला विष, त्याने हलायचं नाही. दुसऱ्याने येऊन अमृत दिलं की सुटका. वळणं आणि वेग, दोन्ही येतात. रत्नदीपने विष मागून घेतलं आणि खिशातून चिक्की काढली. श्रिया त्याला अमृत द्यायला निघाली, ती जागच्या जागी गोल फिरत राहिली. गोदूबाईंनी दोघांना विष देऊन विचारलं, आता काय?

केदारने विचारलं, काका, पालथं कधी? म्हटलं, प्लॅनमध्ये आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
लिंबू-चमचा. चमचा तोंडात, हात वल्ह्यावर. तोल सुधारतो. लिंबं सगळी तलावात गेली. फिरायला आलेल्या बायका उतारा समजून लांबून जायला लागल्या. वॉचमन चिडला.

मायाने विचारलं, अहो, तुम्ही रोज कोरडे कसे येता?

१९ नोव्हेंबर, बुधवार
आज पालथं करायचंच म्हणून गेलेलो. पाणी फार हिरवं होतं. मनाची तयारी आधी हवी म्हणून पायऱ्यांवर डोंगर-पाणी घेतलं. वरच्या पायऱ्या डोंगर, खालच्या पाणी. ज्याच्यावर राज्य तो पाण्यात, बाकीचे डोंगरावर. डोंगरवाल्यांनी खाली यायचं, पाणी! अशी हाक आली की परत वर पळायचं. रत्नदीपसुद्धा पळाला! इतका जिवंत तास आजवर झाला नव्हता.

केदार म्हणाला, काका, तुम्ही त्यांना पाण्यापासून पळायला शिकवताय. तरुण आहे. पद्धत कळायला वेळ लागेल.

निघताना बिसलेरीची बाटली टी-शर्टवर ओतली. माया खूश. माझा फोटो तिने बहिणीला पाठवला. मला जेवण गेलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
मी स्वतः करून दाखवतो, असं बोलून बसलो. का बोललो? लाइफ जॅकेट घातलं. बोटीत बसलो. डावीकडे झुकलो. बोटही झुकली. ते मला अपेक्षित नव्हतं. मग बराच वेळ कुणीच झुकलं नाही. गोदूबाई म्हणाल्या, उत्तमराव, विष पुरे झालं, आता बुडा. श्रिया म्हणाली, सर, रील चालू आहे, बॅटरी संपेल. मी म्हटलं, कानाचा त्रास आहे. खरंच असू शकतो, तपासलेला नाही.

घरी आलो तर मायाची बहीण आणि साडू येऊन बसलेले. उद्याची परीक्षा बघायला.

पाऊस पडू दे. नोव्हेंबर आहे, माहीत आहे. तरी पडू दे.

२३ नोव्हेंबर, रविवार
कडक ऊन.

तिघं काठाशी उभे. केदारने शिट्टी मारली, ओरडला, चला, पाणी! रत्नदीप आणि श्रिया धावत वर, थेट रेलिंगपर्यंत. सवय. गोदूबाई एकट्याच शांतपणे बोटीत बसल्या. थोडं आत जाऊन पालथ्या झाल्या. जॅकेटमुळे बुचासारख्या वर आल्या, दुसऱ्या प्रयत्नात चढल्या. अंबाडा पिळत म्हणाल्या, एवढंच होतं होय? पहिल्याच दिवशी सांगायचंत की.

मग केदार म्हणाला, काका, आता तुम्ही.

खालचे सगळे मान वर करून माझ्याकडे बघत होते. तेव्हा लक्षात आलं, मी सगळ्यात वरच्या पायरीवर उभा आहे. कधी चढलो, आठवत नाही. साडूंनी फोटो काढला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
केदारचा फोन आला. नवीन इन्स्ट्रक्टर येतोय. बॅचमध्ये माझं नाव मात्र आहे. शिकणाऱ्यांत. मायाने घातलंय.

मला वाटलेलं, ती चिडेल. तिने चहा दिला. म्हणाली, मेसेज मी काही डिलीट करणार नाही. तुम्हीच तो खरा करा, कितीही दिवस लागू देत.

परवा सकाळी सात वाजता. गोदूबाई माझी बोट धरणार आणि तीन म्हटलं की सोडून देणार. रत्नदीप आणि श्रिया बघायला येणार, म्हणजे त्यांचंही पालथं व्हायचं उरलंय. मायाही येणार आहे. काल मी होतो त्याच सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहणार म्हणाली. का, ते सांगितलं नाही.