वीस तारखेपर्यंत

मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५

सत्यमला बढती. माझ्या कामावर!

दोन वर्षं राबले मी. आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक पुठ्ठ्याच्या खोक्यावर एक कोड. गिऱ्हाईक कंपनीत खोकं रिकामं झालं, भंगारवाल्यानं उचललं, कागदाच्या गिरणीत पोचलं – जिथं जाईल तिथं कोड स्कॅन करायचा. आपल्या खोक्याचा पुन्हा कागद झाला की नाही, हे त्या कंपनीला घरबसल्या दिसणार. कल्पना माझी. वाळूजमधल्या भंगारवाल्यांच्या दारोदार फिरून त्यांना शिकवलं तेही मीच. आणि पुण्याच्या परिषदेत ‘हे मी बनवलं’ म्हणून टाळ्या घेतल्या माझ्या साहेबानं, या सत्यमनं. आज शेठनी त्याला पेढा भरवला.

मला उद्यापासून डिस्पॅचला, मालाची ने-आण बघायला बसायचंय. तिथं माझी जास्त गरज आहे म्हणे. सत्यम हसत म्हणाला.

बरंय, हे मराठीत लिहिते. याह्याला मराठी बोलता येतं, वाचता नाही. नवऱ्यानं वाचू नये असं बरंच काही सुचतंय सध्या.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

रोज सकाळी त्याला गुड मॉर्निंग म्हणते. जीभ झडत नाही, हेच नवल.

शनिवार, १ नोव्हेंबर

डिस्पॅचला टाकून त्यानंच माझं भलं केलं.

नव्या खोक्यांना आतून चकचकीत प्लास्टिकचा थर आहे. त्यामुळं गिरणी ती घेतच नाही, परत आमच्या गोदामात पाठवते. तरी स्क्रीनवर प्रत्येक खोक्यापुढं हिरवी खूण – कागद झाला! मग परत आलेला माल जातो कुठं? ड्रायव्हर बोलेना.

याह्याचं क्रांती चौकात गाड्यांना ट्रॅकर बसवायचं दुकान आहे. त्याच्याकडून एक मागून आणला आणि गठ्ठ्यात खोचला.

रविवार, २ नोव्हेंबर

ट्रॅकर दौलताबादच्या पुढं, दगडाच्या एका बंद खदानीत थांबला. याह्याला घेऊन स्कूटरवर गेले. खोकी जळत होती. आमचीच. काळा, चिकट धूर. मोबाईलवर सगळं उतरवलं. आनंद झाला. खोटं का लिहू?

खदानीला लागून सीताफळाची बाग आहे, लक्ष्मीबाईंची. त्यांनी पाणी दिलं. त्यांचे यजमान सांडूकाका अंगणात बाजेवर बसून होते. दम्याचे. बोलायला गेले की खोकल्यानं वाकायचे.

“ह्यांला श्वास घेववत नाय, पोरी,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “पहाटं तर लईच. तू कारखान्यातली हायेस ना? कुणाला तरी सांग.”

सांगते म्हणाले. नंबर देऊन आले.

बुधवार, ५ नोव्हेंबर

याह्याशी वाजलं. उद्याच तक्रार कर म्हणतो. त्याला कळत नाही. आज तक्रार केली तर शेठ गुपचूप जाळणं थांबवतील, सत्यमला दोन शब्द सुनावतील, की संपलं! वीस तारखेला पुण्याहून सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं येतायत. सत्यम त्यांना ‘त्याचं’ काम दाखवणार. मला तेव्हाच हवाय तो. सगळ्यांसमोर.

“धुआँ तेरे वास्ते रुकता क्या?” याह्या म्हणाला आणि जेवता जेवता उठला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

लक्ष्मीबाईंचा फोन. थंडीनं धूर वर जात नाही, घरातच बसतो म्हणाल्या. काकांना रात्रभर बसवून ठेवावं लागतं. मी म्हटलं, थोडं थांबा मावशी, वीस तारखेला बंद करते. बरं म्हणाल्या.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सत्यमनं वीस तारखेसाठी नवा कोट शिवलाय. शिव बाबा.

गुरुवार, २० नोव्हेंबर

झालं!

पाहुणे, शेठ, सगळे बसलेले. सत्यम स्क्रीनवर हिरव्या खुणा दाखवत होता. पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारलं, माल गोदामातून निघतो कसा? शेठनी मला बोलावलं. मी ट्रॅकरनं टिपलेला रस्ता स्क्रीनवर लावला – वाळूजवरून थेट खदानीपर्यंत. मग व्हिडिओ. जळणाऱ्या खोक्यावर त्यांचंच नाव, ठळक.

 सत्यमच्या ओठावर घाम. हे मला माहीत नव्हतं, असं काहीतरी पुटपुटला.

“असं कसं सर?” मी म्हटलं. “हे सगळं तुम्हीच बनवलंय ना?”

हे वाक्य मी त्याच्या बढतीच्या दिवसापासून तोंडात धरून होते. त्याचा चेहरा बघत राहिले. पोटभर.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सत्यमला काढलं. खदानीत माल टाकणं कालच बंद. शेठ म्हणाले, यापुढं हे काम तुमच्या नावानं. गेटबाहेर सोनिया, त्याची बायको, गाडीत बसून त्याची वाट बघत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान वळवली नाही.

दुपारी दोनदा जेवले.

रविवार, २३ नोव्हेंबर

मिठाई घेऊन दौलताबादला गेले. खदान गार पडलीये. बाज अंगणात नव्हती. सांडूकाका सतरा तारखेला, सोमवारी पहाटे गेले. मिठाईचा डबा पिशवीतनं काढलाच नाही.

“तुझ्यामुळं धूर थांबला, पोरी. लई पुन्य लागंल तुला,” लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि चहा ठेवला.

मी तो पिऊन आले.